कर्ण्याचं पुस्तक आणि आखाजीचं मूळ

आमच्या घरात त्या पुस्तकाला नाव नव्हतं. पुठ्ठा आणि पहिलं पान आमच्याकडे येण्याआधीच गेलं होतं, शेवटची काही पानंही गेली होती, आणि मधल्या पानांवर जगाच्या अंताच्या वेळी आकाशात कर्णा कसा वाजेल याचं इतकं वर्णन होतं की मोठ्याईनं दुसऱ्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं: कर्ण्याचं पुस्तक. मोठ्याई म्हणजे माझी थोरली चुलती. काका गेल्यापासून घरात शेवटचा शब्द तिचा असायचा आणि पहिलाही. तिनं आयुष्यात एकच कर्णा पाहिला होता, नांदुऱ्याच्या बाजारात जीपवर बांधलेला, मतं मागणारा. त्यामुळे देवदूत कर्णा फुंकेल असं मी वाचलं की तिच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या कपड्यातला एक माणूस जीपमध्ये बसून ‘हॅलो हॅलो’ करायचा. मी तिला पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, “मंग साऱ्या दुनियेले आयकू कसं जाईन बे, बिना बॅटरीचं?” मी पुढचं पान उलटलं.

पुस्तक दिलं युवानरावांनी. त्यांचं खरं नाव योहान, पण आमच्या वडनेरात ते कोणाच्या जिभेवर बसलं नाही. खामगावकडून ते सायकलवर यायचे, मागे पत्र्याची पेटी, तीत पाट्या, पेन्सिली, कॅलेंडरं आणि येशूची पातळ पुस्तकं. शांत माणूस. कोणी ‘बाटवायले आला का?’ म्हणून डिवचलं तर हसून पाणी मागायचे. माझी मॅट्रिकची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता, आणि त्या दिवसांत मी पुड्याचे कागदसुद्धा वाचून काढत असे. हे त्यांनी हेरलं असावं. “फाटकं आहे, विकता येत नाही. वाच आणि मला सांग कसं वाटलं ते,” असं म्हणून त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. मी बाबांकडे बघितलं. बाबा अंबाडीचा दोर वळत होते. मान वर न करता म्हणाले, “वाच. कागदाले काय जात राह्यते?”

उन्हाळ्याचे दिवस. आमच्या ओसरीत दुपारी शेवयांचं काम चालायचं. बाजेला एक लांब पाट तिरपा टेकवलेला, आई त्यावर भिजवलेल्या रव्याचा गोळा तळव्यानं घोळत खाली ओढायची आणि त्यातून निघालेली बारीक तार खाली मोठ्याई दोन्ही हातांवर झेलून काठीवर वाळत टाकायची. तेलाचा आणि ओल्या कणकेचा वास, बाहेर गिरणीचं ठुक ठुक, आढ्यात चिमण्या. न्याहारीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्लेला असे, त्याची गुंगी. काम हाताचं, कान मोकळे. मोठ्याई म्हणाली, “तोंडातल्या तोंडात काय पुटपुटून राह्यला? मोठ्यानं वाच, आमाले बी कळू दे दुनिया कवा बुडते ते.” अशी मी वाचायला सुरुवात केली.

गोष्ट परदेशातल्या एका गावची होती. मार्था नावाची बाई, तिचा नवरा, लहान मुलगी. एक दिवस कर्णा वाजतो आणि देवावर ज्यांचा खरा विश्वास आहे ती सगळी माणसं जिथल्या तिथून उचलली जातात. कपडे तिथंच, जोडे दाराशी तिथंच, चुलीवरची भाकरी करपलेली, माणूस नाही. मार्थाचा नवरा आणि मुलगी जातात. मार्था मागं राहते, कारण देवाचं काय ते पुढच्या रविवारी बघू असं ती कायम म्हणत आलेली असते. मग एक वाईट राजा येतो आणि लोकांच्या कपाळावर शिक्का मारतो. शिक्का नाही त्याला बाजारात काही मिळत नाही.

शिक्क्याचं पान वाचलं त्या दिवशी मोठ्याईनं शेवयांची तार हातातच धरून ठेवली. तिच्या कपाळावर लहानपणीचं गोंदण होतं, मधे एक टिंब आणि दोन बाजूंना दोन. “म्या सहा वरसाची असन,” ती घाबरून म्हणाली, “गोंदणारीन आली अन मायनं धरून बसवलं. मले काय माहीत तो राजा येणार हाय म्हून!” आई हसता हसता खोकायला लागली. मोठ्याई खरंच काळजीत पडली होती. दोन दिवस तिनं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. मग म्हणाली, “जाऊ दे. रेशनची ज्वारी तं भेटन.”

पण खरा घोळ झाला तो ‘उचलून नेलं’ या शब्दांचा. आमच्याकडे देवानं उचललं म्हणजे माणूस मेला. पोरांनी फार पिडलं तर बायका म्हणतात, ‘देव उचलून नेवो तुले’. त्यामुळे पहिल्या दिवशी मार्थाचा नवरा आणि मुलगी उचलली गेली तेव्हा आई आणि मोठ्याई दोघींनी त्या दोघांसाठी डोळे पुसले, आणि मार्था वाचली म्हणून देवाचे आभार मानले. पुढे मार्था रडते, छाती पिटते, आणि पुस्तक सांगतं की गेलेले सुखात आहेत. दोघींना काही संगती लागेना.

“अवो, मेले नाई ते,” मी कळवळून म्हणालो, “ते चांगल्या ठिकानी गेले. आपल्या हक्काच्या घरी. न्यायले देव आला होता. हे एकटीच राह्यली मांगं.”

आईचा हात पाटावर थांबला. तार तुटली. ती म्हणाली, “असं सांग ना मंग. तिले मूळ नाई आलं.”

आणि सगळं स्वच्छ झालं. त्या एका वाक्यानं त्या दोघींना ते परदेशी पुस्तक जेवढं कळलं तेवढं मला पुढे कॉलेजात इंग्रजीच्या वर्गात कुठलंच पुस्तक कळलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या भागात सासुरवाशिणी माहेरी येतात. आपणहून यायचं नसतं. माहेराहून कोणीतरी न्यायला जावं लागतं, त्याला मूळ धाडणं म्हणतात. बहुतेक भाऊ जातो, तो मुराळी. गावातल्या एकेक घरची सून मुराळ्याबरोबर निघते, ट्रंक, पिशवी, हसू. जिला मूळ येत नाही ती भांडी घासत दारातून जाणाऱ्या एसटीकडे बघत राहते. जगाचा अंत कसा असतो हे वऱ्हाडातल्या बाईला कोणी शिकवायला नको होतं.

“आखाजीले साऱ्या गेल्या माहेरी,” मोठ्याई म्हणाली, “अन हे एकटीच राह्यली सासरी. अगं माय माय.”

ओट्यावर बाबा दोर वळत होते, आणि आई त्यांच्या पाठीकडे बघत होती.

माझी मोठी बहीण, जिला मी अक्का म्हणतो, धाड गावी दिलेली होती. तिच्या दिराच्या लग्नात बाबांना पहिल्या पंगतीत बसवायचं राहून गेलं. सुनेचा बाप, आणि दुसऱ्या पंगतीत. वाढणाऱ्या पोरांचा गोंधळ होता की मुद्दाम होतं, कोण जाणे. बाबा भरल्या पानावरून उठले आणि उन्हात स्टँडापर्यंत चालत आले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले की आता त्या घरी माझा पाय पडणार नाही आणि मूळही जाणार नाही. त्यानंतर अक्का आखाजीला आली नव्हती. तिच्या सासरचेही ताठ. मुराळी आल्याशिवाय सून धाडायची नाही ही त्यांची रीत, आणि त्यांचं चूक होतं असं म्हणता येत नाही. पिंपळाला अक्काचा झोका बांधायची फांदी मोकळी राहायची. पुरणपोळी व्हायची, आमरस व्हायचा, आई वाढताना एक ताट जास्तीचं मांडून परत उचलायची.

त्या दुपारनंतर बाबांची दोर वळायची जागा सरकायला लागली. आधी ओट्याच्या टोकाला बसायचे, मग खांबाला टेकून, मग ओसरीच्या उंबऱ्याशी. ऐकत नाही असं दाखवत. मी पाणी प्यायला थांबलो की म्हणायचे, “काऊन थांबला बे? घसा बसला का?” एकदा मार्था रिकाम्या घरात मुलीचे जोडे छातीशी धरून बसते ते पान मी वाचत होतो. बाबांनी दोराला पीळ देता देता विचारलं, “त्या बाईचा बाप होता का जिता?”

मी पानं चाळली. पुस्तकात ते नव्हतं. “लिहेल नाई,” मी म्हणालो.

“असं कसं लिहेल नाई,” बाबा म्हणाले, आणि दोर गुंडाळून गोठ्यात गेले.

आईनं संधी साधून मला बाजूला घेतलं. तिला शब्दांशी खेळायची सवय होती, दुःखातसुद्धा. “दिगू,” ती म्हणाली, “धाडले मूळ धाडाले लागते रे यंदा. तू जाय. मी सांगीन त्याईले मांगून.” मी नाही म्हणालो. बाबांनी सांगितल्याशिवाय मी जाणार नाही, असं मोठ्या माणसासारखं तिला ऐकवलं. मला बाबांचं भय होतं, आणि धाडच्या लोकांनी मलाही दुसऱ्या पंगतीत बसवलं तर काय करायचं याचं त्याहून जास्त. आईनं पुन्हा विचारलं नाही. ती तशीच होती. एकदाच विचारायची, आणि तुम्हाला आयुष्यभर पुरायचं.

आता जे सांगतो ते मी कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात माझी फजिती आहे. त्या पुस्तकानं आईला रडवलं, मोठ्याईला हसवलं, पण घाबरवलं फक्त मला. शिकलेला मीच होतो ना. झोपेतून जाग आली की मी आधी सगळ्यांचे श्वास ऐकायचो. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी मळ्यात गेलो होतो, विहिरीवर अंघोळ करून डांगर काढायला. डांगर म्हणजे खरबूज, आखाजीला पितरांसाठी भरतात त्या घागरीवर ठेवायला लागतं. ते खांद्यावर घेऊन परत येताना गावाच्या दिशेनं आवाज आला. आधी एक लांब, चिरत जाणारी शीळ, जशी मी कधी ऐकली नव्हती. मग घुंऽऽ असा घुमणारा नाद, सगळ्या शिवारावर पसरणारा. झाडावरची पाखरं उडाली. मी डांगर घट्ट धरून चालायला लागलो, मग पळायला.

गल्लीत माणूस नव्हतं. एकही. आमचं दार सताड उघडं. ओसरीत पाट तिरपा उभा, काठीवर शेवया अर्ध्या टाकलेल्या. चुलीवर तवा आणि तव्यावर एक भाकर काळी होऊन धूर सोडत होती. आणि उंबऱ्याजवळ बाबांच्या वहाणा. रोजच्या, टाच झिजलेल्या, एकीचा अंगठा मी स्वतः शिवलेला. बाबा या वहाणांशिवाय गोठ्यातही जात नसत.

मी तिथंच अंगणात बसलो आणि डांगर मांडीवर घेऊन बोलायला लागलो. कोणाशी ते मला ठाऊक नव्हतं. आधी मारुतीचं नाव घेतलं, मग न विसरता येशूचंही घेतलं, कारण व्यवस्था त्याची दिसत होती. मी म्हणालो, बीजगणिताचं एक गणित मी पुढच्याचं पाहून लिहिलं. फडताळातला गूळ मीच खात होतो, मांजर नव्हे. आणि मग रडत म्हणालो, “आईनं सांगतलं तरी मी अक्काले आनाले नाई गेलो. मले भेव वाटलं. म्हून मले ठेवलं का मांगं?”

“कोनाशी बोलून राह्यला रे?”

मागे आई उभी होती. तिच्यामागे मोठ्याई, धापा टाकत, पण चेहरा फुललेला. “अबे पोट्ट्या,” ती म्हणाली, “तो कर्णा आला! खराखुरा! वेशीतल्या लग्नाले नवरदेवानं नांदुऱ्याहून आनला, बॅटरीसकट. सारं गाव पाह्याले गेलं. म्या सांगत होती ना, बॅटरी लागते म्हून!” मग तव्याकडे लक्ष जाऊन, “भाकर जयली वाटते.”

मी वर न बघता वहाणांकडे बोट दाखवलं. “मंग बाबा?”

आईनं वहाणा बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग तिची नजर वर खुंटीकडे गेली, जिथं बाबांचं चांगलं उपरणं असायचं, आणि खुंटीखालच्या फळीकडे, जिथं कागदात गुंडाळलेला करकर वाजणारा जोडा असायचा. तो जोडा फक्त सोयऱ्यांकडे जायचा असला तरच खाली उतरायचा. खुंटी रिकामी होती आणि फळीवर नुसता कागद.

आई हळूच पाटाजवळ बसली. “धाडले गेले,” ती म्हणाली. “सोता गेले.”

तिनं माझं बोलणं किती ऐकलं ते मला कळलं नाही. तिनं कधी दाखवलं नाही. फक्त त्या संध्याकाळी माझ्या भाकरीवर न मागता गुळाचा खडा ठेवला. त्या खड्याचं ओझं मी अजून वाहतो आहे.

आखाजीचा दिवस उजाडला आणि घरात कोणी आशा बोलून दाखवेना. मुराळ्याला रिकाम्या हातानंही परत पाठवतात. कधी सासू आजारी निघते, कधी कामं निघतात, कधी नुसतं ‘पुढच्या साली पाहू’. आणि बाबांचा स्वभाव. कोणी एक शब्द वाकडा बोललं तर पाण्यालाही न थांबता परत फिरणारा माणूस. आईनं पुरण वाटलं. घागर भरली, त्यावर माझं डांगर ठेवलं. मोठ्याई म्हणाली, “अवो, दोर तं बांधा झोक्याचा, दोरानं काय होते?” मी पिंपळावर चढून दोर बांधला. तो बाबांनीच वळलेला अंबाडीचा दोर होता. इतके दिवस ते कशासाठी वळत होते हे मी विचारलंच नव्हतं. बैलांसाठी असेल असं वाटलं होतं.

दुपारी, उन्हात, गल्लीच्या टोकाला बाबा दिसले. डोक्यावर अक्काची ट्रंक. एका हातात तिची पिशवी, दुसऱ्या हातात तो करकरीत जोडा, कारण त्यानं दोन्ही टाचा सोलून काढल्या होत्या. तापल्या फुफाट्यातून अनवाणी, उड्या मारल्यासारखे चालत येत होते आणि मागून अक्का, डोक्यावर पदर, हसत होती आणि ओरडत होती, “बाबा, अवो, मले द्या ना ट्रंक! लोक पाहून राह्यले!” बाबा म्हणत होते, “पाहू दे ना. तू चाल.”

ते ओट्यापाशी आले. आईनं उंबऱ्याजवळच्या जुन्या वहाणा उचलल्या, पदरानं पुसल्या आणि बाबांच्या पायांपुढे ठेवल्या. मग अक्काला जवळ घेतलं, आणि त्यानंतर घरात जो गोंगाट झाला तो वेशीतल्या कर्ण्यालाही जमला नसता.

युवानराव आले तेव्हा अक्का अजून आमच्याकडेच होती, पिंपळावर झोका घेत होती आणि मोठ्याईच्या हातचं खाऊन सुस्तावली होती. आम्ही त्यांना ओसरीत बसवलं, शेवयांची खीर दिली. त्यांनी वाटी खाली ठेवून फार मनापासून विचारलं, “मग बहिणींनो, पुस्तक कसं वाटलं? अर्थ लागला का?” मला वाटतं पेटी घेऊन गावोगाव फिरताना त्यांना हे विचारायची संधी फार कमी मिळत असेल.

“लागला ना,” मोठ्याई म्हणाली. “पन शेवटाचे पानं नाई. त्या मारथाले मूळ आलं का नाई शेवटी?”

युवानरावांना मूळ म्हणजे काय ते आईनं समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले. मग सावकाश म्हणाले, “आलं. शेवटच्या पानावर येतं. प्रभू स्वतः तिला न्यायला येतो. बापानं पुत्राला पाठवलं, असं आमच्याकडे म्हणतात.”

“बराबर हाय,” आई म्हणाली, “आमच्यात बी तेच. बाप पोराले धाडते.” माझे कान तापले. तिनं माझ्याकडे नाही, उंबऱ्याकडे बघितलं. “पन कधी पोरगं नाई गेलं, तं बाप सोता जाते.”

युवानराव काहीतरी दुरुस्त करायला तोंड उघडत होते. त्यांच्या धर्मात ते तसं नव्हतं, हे मलाही आता कळतं. पण त्यांनी झोक्यावरच्या अक्काकडे पाहिलं, बाबांच्या टाचांना बांधलेल्या फडक्यांकडे पाहिलं आणि खिरीची वाटी पुन्हा उचलली. “हो,” ते म्हणाले, “जातो.”

मोठ्याईला मात्र एक गोष्ट अजून खुपत होती. ती बाबांना म्हणाली, “भाऊजी, पाहुना माणूस बसला हाय, तुमी चिडनार नाई म्हून इचारतो. धाडले पहिल्या पंगतीत बसवलं का नाई?”

बाबा नवा दोर वळत होते. “पंगत कायची?” ते म्हणाले. “चुलीजोळ बसलो. लेकीनं वाढलं.”

ते पुस्तक युवानरावांनी परत मागितलं नाही आणि आम्ही दिलं नाही. पुढे ते वाळवीनं खाल्लं. बाबा गेले, आई गेली, मोठ्याई कपाळावरच्या तीन टिंबांसकट गेली. बाबांनंतर धाडला मूळ मीच नेतो. अक्काचे केस पांढरे झालेत, तिची नातवंडं मला हसतात, एसटीनं कोण येतं म्हणून, पण मी आल्याशिवाय ती निघत नाही. भिण्याची माझी सवय गेलेली नाही. बाहेरून घरी आलो आणि आत कुणाचाच आवाज आला नाही तर पन्नाशी उलटलेल्या मला आजही क्षणभर तसंच होतं. मी हाक मारत नाही. आधी उंबऱ्याजवळ वाकून बघतो, कुठल्या वहाणा मागं राहिल्यात आणि कुठल्या घालून गेलेत.